मधली दोन पानं

मी भाडेपट्टा बोलतोय. दोन कागद, चार पानं, एकोणीस कलमं आणि साठ वर्षांची मुदत. निवांत बसून ऐका असं मी म्हणणार नाही, कारण निवांतपणा माझ्या नशिबीच नाही. सही झाली त्या दिवसापासून माझ्या अंगात एकच काम चालू आहे, दिवस कमी होण्याचं. वाढदिवस आला की माणसं तोंड गोड करतात. माझा आला की मी हिशेबाला बसतो, कारण शिल्लक वर्षांतलं आणखी एक गेलेलं असतं.

माझा जन्म एका वकिलाच्या कचेरीत, टंकलेखन यंत्रावर झाला. टंकलेखक बाईंनी कार्बन घालून मला ठोकलं, त्यामुळे जन्मताच मला एक जुळा भाऊ मिळाला. तो जरा फिका. तो जमीनमालकाकडे गेला आणि मी पट्टेदाराकडे. तेव्हापासून आमची गाठभेट नाही.

पट्टेदार म्हणजे या घरातले आजोबा. तेव्हा ते आजोबा नव्हते, पस्तिशीचे होते आणि छापखान्यात मुद्रितं तपासायचे. छापखान्यात त्यांना सगळे 'काना-मात्रा' म्हणत. दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि रस्त्यावरची लांबोडी गॅलरी त्यांनी साठ वर्षांच्या पट्ट्यानं घेतली होती. व्यवहार साधा होता. इमारत आणि जमीन मालकाची, घर साठ वर्षं यांचं, आणि मुदत संपली की घर परत मालकाचं.

सहीच्या टेबलावर बसल्यावर माणसं सही कुठे करायची तेवढं विचारतात. काना-मात्रांनी खिशातून पेन्सिल काढली आणि मला पहिल्या शब्दापासून वाचायला घेतलं. दोन ऱ्हस्व-दीर्घ सुधारले, एका ठिकाणी 'पूर्वेस'चं 'पश्चिमेस' केलं, नाहीतर गॅलरी शेजाऱ्यांची झाली असती. मग चष्मा वर करून म्हणाले, "मुदत संपल्यावर काय, ते यात कुठेच नाही."

तेव्हाचे जमीनमालक हसतमुख गृहस्थ होते. म्हणाले, "अहो, साठ वर्षांनंतरचं आत्ता कशाला? तेव्हा आपण दोघंही नसू."

"म्हणूनच लिहून ठेवायचं," काना-मात्रा म्हणाले.

मालकांनी मान डोलावली. टंकलेखक बाईंनी नवा कागद चढवला आणि माझ्यात अकरावं कलम आलं. ते मला पाठ आहे, तुम्हालाही सांगून ठेवतो. "पट्टेदाराने अगर त्याच्या वारसांनी मुदत संपण्यापूर्वी किमान एक वर्ष लेखी मागणी केल्यास, जमीनमालकाने अगर त्याच्या वारसांनी याच अटींवर आणखी साठ वर्षांची मुदतवाढ देणे बंधनकारक राहील." माझा सगळा जीव त्या एका वाक्यात आहे.

घरी आल्यावर काना-मात्रांनी त्या कलमासमोर, समासात, बारीक अक्षरात पेन्सिलीनं काहीतरी लिहिलं. काय ते पुढे येईलच.

त्यांची एक रीत होती. दरवर्षी सहीच्या तारखेला, संध्याकाळी, ते मला कपाटातून काढत आणि घरातल्या सगळ्यांना समोर बसवून मोठ्यानं वाचत. एकोणीसच्या एकोणीस कलमं. मुलगा जांभया द्यायचा. पुढे सून आली, ती पदराआड हसायची. अकराव्या कलमाशी पोचले की काना-मात्रा थांबत, पेलाभर पाणी पीत आणि चष्म्यावरून एकेकाकडे बघत. खरं सांगतो, वर्षातली तेवढी एक संध्याकाळ मी कागद नसायचो, घरातलाच कोणी असायचो.

नात रांगत असतानाच ते गेले आणि वाचन बंद पडलं.

मी मुलाकडे आलो. मुलगा म्हणजे पुढे या घरातले बाबा. मनाचा भला माणूस, पण प्लास्टिकवर भारी जीव. टीव्हीचा रिमोट प्लास्टिकच्या पिशवीत. सोफ्याच्या दुकानातलं वेष्टण पाच वर्षं सोफ्यावर, उन्हाळ्यात पाहुणे उठले की चर्रकन आवाज व्हायचा. कुठलीही वस्तू वापरून झिजण्यापेक्षा न वापरता नवी राहिलेली त्यांना बरी वाटायची.

एकदा न्हाणीघराचा नळ फुटला आणि भिंतीतून झिरपलेलं पाणी कपाटात आलं. माझा खालचा उजवा कोपरा भिजला. बाबांच्या तोंडचंच पाणी पळालं. वडिलांची एवढी एकच वस्तू, तीही आपल्या हातून खराब होतेय, या विचारानं ते रात्री जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी मला पंख्याखाली अर्धवट वाळवून ते थेट लॅमिनेशनच्या दुकानात घेऊन गेले.

दुकानदार म्हणाला, "दोन कागद आहेत. दोन वेगळे करू?"

बाबांनी मला उलटंपालटं करून पाहिलं. "कशाला? दोन्ही एकत्रच टाका. पहिल्या पानावर नावं आहेत, शेवटच्या पानावर सह्या आणि शिक्के. मधलं कोण वाचतंय?"

यंत्रातून मी गरम होऊन बाहेर पडलो तेव्हा माझी चार पानं होती, पण दिसत होती दोन. दुसरं आणि तिसरं पान एकमेकांच्या तोंडाला तोंड लावून आत बंद. पाचवं कलम आत, अकरावं आत, सोळावं आत, आणि काना-मात्रांची पेन्सिलही आत. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. बाबा मात्र मला टिचकी मारून म्हणाले, "आता शंभर वर्षं काही होत नाही." मला राग आला होता, पण त्यांच्या चेहऱ्यावरचं समाधान बघून तो धड करताही येईना. प्रेमानं गळा आवळणाऱ्याला काय बोलणार?

त्यानंतर सव्वीस वर्षं मी कपाटाच्या तळाशी होतो. दिवस मात्र थांबले नाहीत. चार वर्षांपूर्वी बाबा गेले. घरात उरल्या दोघी, पदराआड हसणारी ती सून, म्हणजे आता सत्तरीला टेकलेली आई, आणि तिची चाळिशीतली मुलगी.

मुलगी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. दिवसभर लोकांना म्हणते, "खालची ओळ वाचा. आता त्याच्या खालची." घरात एक कागद वर्षानुवर्षं वाचल्याविना पडलाय, हे तिच्या गावीही नव्हतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा. मुदत संपायला अजून वर्ष आहे, तेव्हाचं तेव्हा बघू, एवढंच दोघींना ठाऊक. मला ठाऊक होतं की 'तेव्हा'ला काही अर्थ नाही. मागणी करायची ती वर्षभर आधी. शेवटची तारीख महिन्यावर आली, मग पंधरा दिवसांवर. मी कपाटात नुसता तडफडत होतो. लॅमिनेशन केलेल्याला साधं फडफडताही येत नाही.

मग एका शनिवारी सकाळी दाराची घंटा वाजली. आले होते जमीनमालकाचे व्यवस्थापक. जुने हसतमुख मालक कधीच गेले होते. त्यांचा नातू दूर कुठेतरी राहतो आणि इथलं सगळं हे व्यवस्थापक बघतात. इस्त्रीचा सदरा, मऊ आवाज. या माणसाच्या फायलीत माझा जुळा भाऊ आहे, हे मी विसरलो नव्हतो.

"काकू, पट्टा संपत आला," ते म्हणाले. "वर्षभरानं घर मालकांकडे जाणार. पण तुमच्याकडे बघून मालक म्हणाले, म्हातारपणी कुठे जातील? म्हणून हा नवा कागद आणलाय. अकरा महिन्यांचा. दर अकरा महिन्यांनी आपण पुन्हा करू."

"आणि पुन्हा नाही केला तर?" मुलीनं विचारलं.

"असं कसं होईल, मॅडम? विश्वास आहे की."

"जुन्या पट्ट्यात मुदतवाढीचं काही नाही का?"

व्यवस्थापकांनी डोळ्याची पापणी लवू दिली नाही. "काढा ना तुमचा पट्टा. बघू या."

आईनं मला काढलं. कितीतरी वर्षांनी उजेड दिसला. मुलीनं मला पुढून वाचलं, मागून वाचलं. "नाही दिसत," ती म्हणाली. व्यवस्थापकांनी मला हातात घेतलं, प्लास्टिकच्या कडेवरून अंगठा फिरवला आणि त्यांना सगळं कळलं. ते मला कळलं. त्यांचा अंगठा क्षणभर जाड कडेपाशी थांबला होता.

"छान जपलाय," ते म्हणाले. "आता उघडायच्या फंदात मात्र पडू नका. लॅमिनेशन काढलं की कागद फाटतो. मूळ दस्त फाटला तर हातात काहीच राहायचं नाही. नोंदणी कार्यालयातून नक्कल मिळते, पण तीन आठवडे लागतात. घाई नाही, सावकाश वाचा आणि गुरुवारी सही करून ठेवा."

गुरुवार. मागणीची शेवटची तारीख बुधवारची होती. या माणसानं वार मोजून निवडला होता.

ते गेल्यावर मुलगी नव्या कागदाकडे बघत बसली. "करून टाकावी का सही, आई? निदान तू या घरात राहशील."

आई गॅलरीच्या दारात उभी होती. याच गॅलरीत तिनं लेकीचे लंगोट वाळत घातले होते आणि नवऱ्याच्या शेवटच्या आजारपणात त्याची खुर्ची उन्हात ओढली होती. "अकरा महिन्यांनी कोणीतरी येऊन 'आता पुरे' म्हणणार असेल," ती म्हणाली, "तर ते राहणं नव्हे. ते पाहुणं असणं झालं. मला माझ्याच घरात पाहुणी नाही व्हायचं."

आई आत येऊन माझ्यासमोर बसली. मग म्हणाली, "मामंजी असते तर त्यांनी हा सगळा पाठ म्हणून दाखवला असता. दर वर्षी वाचायचे. अकराव्या कलमाला थांबून पाणी प्यायचे."

"का थांबायचे?"

"काय माहीत. माझं लक्ष गॅसवरच्या दुधाकडे असायचं."

"होतं काय अकराव्यात?"

"ते आठवलं असतं तर सांगितलं नसतं का?"

मुलीनं मला पुन्हा उचललं. बोट ठेवून कलमं मोजू लागली. एक, दोन, तीन, चार. चौथं अर्ध्या वाक्यात संपलेलं. तिनं मला पालटलं. वर अर्धं वाक्य आणि खाली सतरा. तिचं बोट तिथेच राहिलं.

"आई, चारनंतर सतरा कसं?"

तिनं मला खिडकीपाशी नेऊन उजेडासमोर धरलं. आतल्या ओळी सावल्यांसारख्या दिसल्या, एकमेकींवर चढलेल्या, वाचता न येण्यासारख्या. पण त्या होत्या. सव्वीस वर्षांनी कोणीतरी माझ्या आत बघितलं होतं.

"बाबांनी दोन्ही कागद एकत्रच चिकटवलेत," ती म्हणाली आणि हसावं की रडावं ते न कळून खुर्चीत बसली.

"त्यांनी रिमोटही पिशवीतच वापरला जन्मभर," आई म्हणाली. तिचा आवाज मात्र ओला झाला होता.

कात्री घेऊन लगेच कडा कापायला मुलगी निघाली होती. आईनं तिचा हात धरला. कोपरा भिजल्याचं तिच्या लक्षात होतं. "ओले कागद गरम यंत्रातून गेलेत. आत चिकटले असतील. हे तुझं-माझं काम नाही. मामंजींच्या छापखान्यातले बाइंडर अजून आहेत."

रविवारी दुपारी मी बाइंडरांच्या दुकानात होतो. खळीचा वास, दोऱ्याची रिळं, भिंतीला टेकवलेले पुठ्ठे. बाइंडर आता बरेच थकलेत, पण हात तेवढे तरुण. त्यांनी मला टिचकी मारून कानाशी धरलं, कलिंगड तपासावं तसं.

"वहिनी, बाहेरची बाजू प्लास्टिकला कायमची चिकटली, ती सुटायची नाही. पण आत कागदाला कागद आहे. कोपरा सोडला तर सुटेल." मग थोडं थांबून म्हणाले, "कोपरा मात्र जाईल. त्यात काय लिहिलंय त्यावर तुमचं नशीब."

"फाटला तर दुसरा नाही," मुलगी म्हणाली.

"मी काना-मात्रांच्या हाताखाली चौदा वर्षं काढलीत. त्यांचा कागद मी फाडेन होय?"

खोटं कशाला बोलू, मला भीती वाटली. साठ वर्षांच्या हिशेबानं मी म्हातारा, त्यात कोपरा कुजका. अकरावं कलम तिसऱ्या पानाच्या मध्यावर आहे की खाली, हे माझं मलाच आठवेना. इतकी वर्षं पाठ असलेलं ऐन वेळी विसरावं तशी माझी गत झाली.

बाइंडरांनी कडा कापल्या आणि हाडाची पातळ पट्टी माझ्या आत सरकवली. पट्टी पुढे जायची, थांबायची, मागे यायची. अर्ध्या तासानं कोपऱ्याशी 'टर्र' असा आवाज झाला. आईनं डोळे मिटले.

"गेला," बाइंडर म्हणाले. "तेराव्या कलमापासून खालच्या ओळी अर्ध्या गेल्या. तेराव्यात 'गच्चीवर कोंबड्या' एवढंच उरलंय."

"कोंबड्या नाहीत आमच्याकडे," आई डोळे न उघडताच म्हणाली.

आणि मी उघडलो. अकरावं कलम कोपऱ्याच्या चार ओळी वर होतं, जसंच्या तसं. मुलीनं ते वाचलं. मग समास वाचला. तिथे तिच्या आजोबांच्या अक्षरात मागणीची शेवटची तारीख होती आणि तिच्याखाली दोन वाक्यं. "मी नसेन. तुम्ही मागा."

तिनं भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे बघितलं. "बुधवार," ती म्हणाली. "येता बुधवार."

त्यानंतरच्या तीन दिवसांत ती जेवली असेल तर उभ्यानंच. रात्री अर्ज लिहिला आणि माझ्या मधल्या पानांच्या प्रती जोडल्या. सोमवारी व्यवस्थापकांच्या कचेरीत गेली तर साहेब बाहेरगावी. मंगळवारी गेली तर साहेब बैठकीत. आवक-जावक बघणारा कारकून दोन्ही दिवस म्हणाला, "साहेबांना विचारल्याशिवाय घेता येत नाही. गुरुवारी या." तिनं मागणी टपालानंही धाडली होती, पण ती बुधवारच्या आत पोचेल याची खात्री कोण देणार?

बुधवारी तिनं दुकानातून रजा घेतली. आई म्हणाली, "मीही येते." मी आईच्या पिशवीत होतो, माझ्या दोन्ही अर्धुकांना बाइंडरांनी पुठ्ठ्याची पाठ दिली होती. सकाळी दहापासून आम्ही तिघं कचेरीतल्या बाकावर. कारकून वर बघेना. बारा वाजले, दोन वाजले, चार वाजले. साडेपाचला कचेरी बंद. माझ्या आयुष्यात इतके हळू आणि इतके भराभर तास गेले नव्हते.

चार वाजून गेल्यावर मुलगी उठली आणि मला त्याच्या टेबलावर ठेवलं. "घेऊ नका. नुसतं वाचा."

कारकुनानं मला हातभर लांब धरलं. मग आणखी लांब.

"जवळचं दिसत नाही तुम्हाला," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, दुकानात असतो तसाच होता. "आई, तुझा चष्मा दे. हा घालून बघा."

त्यानं नाइलाजानं आईचा चष्मा नाकावर चढवला. ओठ हलवत अकरावं कलम वाचलं. 'बंधनकारक'पाशी थांबला. समासातली पेन्सिल वाचली. टेबलावरच्या तारखेच्या ठोकळ्याकडे बघितलं. आतल्या बंद दाराकडे बघितलं. "साहेबांनी घेऊ नको म्हटलंय," तो हळूच म्हणाला. मग थोड्या वेळानं, बहुधा स्वतःलाच समजावत म्हणाला, "पण आज आलेला कागद आज आला असंच लिहावं लागतं. तेवीस वर्षं तेच करतोय." आणि त्यानं शिक्का उचलला.

ठप्. पोच मिळाली, तारखेसह.

बाहेर पडल्यावर आई जिन्याच्या पायरीवरच बसली. मुलगीही तिच्याशेजारी बसली. आणि चष्मा कारकुनाकडेच राहिला हे घरी पोचल्यावर लक्षात आलं.

पुढे दोन-तीन पत्रं आली, एकदा वकिलाकडे जावं लागलं, पण अकराव्या कलमापुढे मऊ आवाजाचं काही चाललं नाही. नव्या साठ वर्षांचा नवा पट्टा झाला. माझ्या पहिल्या पानाच्या प्लास्टिकवर शाई धरेना, म्हणून आतल्या पानावर तिरका शिक्का मारला, "रद्द. नवा दस्त पाहावा." जन्मभर ज्या दिवसाच्या धास्तीनं मी तळमळलो, तो दिवस असा आला. दुखलं नाही म्हणणार नाही. पण घर राहिलं.

आता मी कपाटातच असतो, नव्याच्या खाली. त्याला प्लास्टिक नाही. बाइंडरांनी शिवलेल्या कापडी बांधणीत तो सुखात असतो आणि मी अजूनही चुळबुळतो. सवय जात नाही. वाचकहो, तुमच्याही कपाटाच्या तळाशी माझा एखादा भाऊबंद असेलच, छान जपलेला. रद्द झालेल्याचं एक ऐका. त्याला बाहेर काढा आणि मधली पानं वाचा.

गेल्या महिन्यात नव्याच्या सहीला वर्ष झालं. संध्याकाळी मुलीनं त्याला काढलं आणि आईला समोर बसवून मोठ्यानं वाचायला लागली. अकराव्या कलमापाशी थांबली. आईनं न सांगताच पाण्याचा पेला पुढे केला. गॅस तिनं आधीच बंद केला होता. पाणी पिऊन झाल्यावर मुलीनं पेन्सिल घेतली, बोटांवर वर्षं मोजली आणि समासात तारीख लिहिली. त्या दिवशी ती नव्व्याण्णव वर्षांची असेल. तारखेखाली तिनं लिहिलं, "मी बहुधा नसेन. तुम्ही मागा."